तुझ्या जागी काय ठेवू?

६ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपलं काही धड होत नाही. मी विचारते, बरी आहेस ना. तू म्हणतेस, हं. मी विचारते, भाऊजी कसे आहेत. तू म्हणतेस, हं हं. तेवढ्यात खाली भाऊजींच्या दवाखान्यात कुणाचा तरी दात ठणकायला लागतो आणि तू फोन ठेवतेस. म्हणून पत्र लिहितेय. वाचून हसलीस तरी चालेल, पण उत्तर पत्रानेच दे, म्हणजे तुला 'हं'च्या पुढे जावं लागेल.

काम असं आहे. तुझ्या जागी काय ठेवायचं, ते तूच सांग.

लगेच भुवया चढवू नकोस. तू लग्न करून गेलीस ते बरंच केलंस. भाऊजींनी चहाघरातच चहाच्या चमच्याने तुझी दाढ तपासली तेव्हाच मी ओळखलं होतं, की आता ही बाई काही आपल्याकडे राहत नाही. दाढ जाग्यावर राहिली आणि अख्खी तूच निघालीस. पन्नाशी उलटल्यावर लग्न करणाऱ्या बाईला नावं ठेवायला लोक आहेतच, त्यात माझी भर नको.

पण इथे माझी पंचाईत झालीय. तू गिटार घेऊन गेल्यापासून चहाघरात मी एकटीच व्हायोलिन वाजवतेय. परवा मॅनेजरने बोलावलं. तोच तो, टायवाला. म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. गिटार होती तोवर ठीक होतं. नुसतं व्हायोलिन चार ते सहा ऐकलं की गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठतं. कुणीतरी गेल्यासारखं वाटतं." तोंडावर बोलला हं असं! मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर साथीला कुणी आणलं तर ठीक, नाहीतर भिंतीतल्या स्पीकरवर गाणी लावणार आणि मला सुट्टी. ही जागा गेली तर मी काय करू, सांग. शिकवण्या आहेत, पण शिकवणं म्हणजे वाजवणं नव्हे. दिवसातले ते दोनच तास मी माणसांत असते.

एक गिटारवाला बोलावून पाहिला. वाजवतो बरा, पण ऐकतो फक्त स्वतःचं. शिवाय दर दोन वाक्यांना मला 'आंटी'. दुसरा आलाच नाही.

मग वाद्यांच्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, साथीदार शोधू नका, लूपर घ्या. म्हणजे एक पेटी असते, ती पायाशी ठेवायची. आपण एक तुकडा वाजवायचा आणि पायाने बटण दाबायचं, की तो तुकडा फिरून फिरून वाजत राहतो. त्यावर दुसरा चढवायचा, मग तिसरा. तारा छेडून गिटारीचं काम करायचं, गज लांब ओढून भरणा करायचा, आणि वर आपली धून. मी म्हटलं, म्हणजे बोलायचंही मीच आणि मान डोलवायचीही मीच. तो म्हणाला, "अगदी बरोबर!" बिचाऱ्याला वाटलं मी कौतुक केलं.

त्याने तीन पेट्या दाखवल्या. पहिली साबणाच्या वडीएवढी, तिला एकच बटण. एकदा दाबलं की भरायला लागते, परत दाबलं की वाजायला लागते, परत दाबलं की वर नवीन थर चढतो, आणि थांबवायची असेल तर पटपट दोनदा दाबायचं. दुसरीला दोन बटणं: उजवं सगळी कामं करतं आणि डावं फक्त थांबवतं. डावं दाबून धरलं तर शेवटचा थर पुसतं. तिसरी म्हणजे विमान. पाच बटणं, लाल-हिरवे दिवे, वाजवलेलं साठवून ठेवते, आणि आपण तालात चुकलो तर म्हणे आपोआप सुधारून घेते. दुकानदाराचा जीव तिसरीवर आहे. माझं डोकं गरगरलंय.

तू सांगशील ते घेईन. इतकी वर्षं तूच ठरवत आलीस, काय वाजवायचं, कुठल्या सुरात, कधी थांबायचं. हेही ठरव.

बाकी ठीक. चहा अजून दोन कप होतो. हात ऐकत नाही. दुसरा मी गार झाल्यावर पिते. करमत नाही गं. झालं, लिहून टाकलं.

चिंगी


१३ फेब्रुवारी

चिंगे,

आधी बूट. तू त्या जाड टाचांच्या बुटांत उभी राहून वाजवतेस. त्यातून बटण दाबलं गेलं की नाही हे तुझ्या पायाला सात जन्मांत कळणार नाही. पातळ तळाचे बूट घे, आणि मग पेटीचा विचार कर.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी इथल्या दुकानात गेले. तिन्ही पेट्या मागवल्या, दुकानातलीच एक गिटार मांडीवर घेतली आणि तासभर तिन्ही पायाखाली घालून पाहिल्या. दुकानातली मुलं गंमत बघायला जमली होती. त्यांना वाटलं, बाई नाच शिकायला आल्यात.

साबणाची वडी नको. थांबवण्यासाठी दोनदा दाबायचं, इथेच घोळ आहे. पहिल्या दाबाला तिला वाटतं नवीन थर चढवायचाय, दुसऱ्या दाबाला ती गप्प होते, आणि मधल्या मधे काहीतरी अर्धवट तोंडातून निसटतंच. गाणं संपायच्या जागी पाय घसरल्यासारखं संपतं. तू आधीच धांदरट. शेवट स्वच्छ हवा. लोक मधलं विसरतात, शेवट नाही.

विमान तर मुळीच नको. एक म्हणजे तू दिव्यांकडे बघत बसशील. दुसरं म्हणजे तो ताल सुधारण्याचा प्रकार. ओळ संपताना तू किंचित ओढून धरतेस, ठाऊक आहे ना? ती चूक नाही, तेच तुझं वाजवणं आहे. ते यंत्र त्यावर इस्त्री फिरवील, आणि मग तुझ्यात आणि भिंतीतल्या स्पीकरमध्ये फरक काय राहिला?

दोन बटणांची घे. दुकानात आपलं व्हायोलिन घेऊन जा, तिथलं वाजवू नकोस. व्हायोलिनला चिकटवायचा छोटा माइक लागेल. तो तारांखालच्या घोडीजवळ लावून बघ, मग जरा लांब लावून बघ, आणि दुकानदाराला चार पावलं मागे उभं राहायला सांग. तो कानाशी बडबडत राहिला तर तुला काही ऐकू येणार नाही. स्पीकर समोर ठेवू नकोस. मागे, डाव्या हाताला, स्टुलावर, कानाच्या उंचीला ठेव. मी बसायचे तिथेच. म्हणजे तुला सवय आहे त्या बाजूने आवाज येईल.

इथे सगळं छान आहे. खाली दवाखाना, वर घर. दिवसभर ड्रिलचा आवाज येतो, त्याचीही सवय होते. हे म्हणतात, तू वर गिटार वाजव, पेशंटना बरं वाटेल. वाजवते कधीतरी. घर मोठं आहे, ऊन भरपूर येतं. काळजी करू नकोस.

चहा एक कप मोजून टाक. गार चहा पिऊन पित्त होतं तुला.

ताई


२ मार्च

ताई,

घेतली. दोन बटणांची. दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं, पण दिली. बूटही घेतले, मांजरीसारखी चालतेय.

आणि आता रडकुंडीला आलेय. ताई, त्या पेटीला उचकी लागते.

खरंच सांगते. मी आखूड गजांनी चार मात्रांचा तुकडा घेते, अगदी साधा, तू ज्याला 'चालणं' म्हणायचीस तो. बटण दाबते, वाजवते, बटण दाबते. पेटी वाजायला लागते. एक फेरी होते आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी एवढीशी, पापणी लवण्याएवढी थांबते. मग पुढे. परत तेच. लंगडा माणूस जिना उतरतोय असं वाटतं. त्यावर दुसरा थर चढवला की तोही लंगडतो, आणि वर मी धून वाजवायला गेले की माझंच पाऊल चुकतं.

दुकानात नेली. त्याने स्वतः गिटारीवर वाजवून पाहिलं, गुळगुळीत. मी वाजवलं, उचकी. त्याने डोकं खाजवलं आणि भला माणूस म्हणून पेटी बदलून दिली. घरी आणली, नवीनलाही उचकी! आता तो म्हणतो, "बाई, विमान घ्या, ती आपोआप सुधारून घेते." तू नको म्हणाली होतीस म्हणून तुला विचारतेय. नाहीतर मी आजच घेतली असती, इतके माझे नाकी नऊ आलेत.

काल धीर करून चहाघरात वाजवली. वाटलं, लोकांना काय कळतंय. कळतं गं. खिडकीजवळच्या टेबलावर एक जोडपं होतं, ते आपसात बोलायचं थांबून माझ्या पायाकडे बघायला लागलं. एक गृहस्थ बोटाने ताल धरत होते, तेही उचकीशी अडखळले आणि हात खिशात घालून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी पेटी बंद केली आणि उरलेला वेळ नुसतंच वाजवलं. टायवाला काउंटरमागून बघत होता.

फोनवर एक तुकडा पाठवलाय. ऐक आणि सांग, पेटी बिघडलीय की मी.

चिंगी


९ मार्च

चिंगे,

पेटी ठीक आहे.

तुझा तुकडा जिन्यात बसून ऐकला. वर मोलकरीण भांडी आपटत होती, खाली ड्रिल, जिना मधल्या मध्ये बरा. पाचसहा वेळा ऐकला. रविवारीच कळलं होतं, लिहायला आज बसले.

उचकी तुकड्याच्या शेवटी नाही, सुरुवातीला आहे. बटण दाबल्याचा टक आवाज येतो तो ऐक. त्यानंतर तू लगेच वाजवत नाहीस. पाय पुढे गेलेला, गज तयार, आणि तू थांबतेस. अगदी जराशी. मग वाजवतेस. पण पेटीचं मोजणं पाय पडला तेव्हाच सुरू झालेलं असतं. ती मधली शांतताही ती इमानदारीने भरून घेते आणि दर फेरीला तुला परत ऐकवते. तिचा काय दोष? तिला पायाचं कळतं, मनातलं कळत नाही. दुकानदार थांबत नाही, म्हणून त्याचं गुळगुळीत येतं.

आता तू का थांबतेस ते सांगू का? तू माझ्या 'हं'ची वाट बघतेस.

आठवून बघ. कुठलीही धून सुरू करण्याआधी मी 'हं' म्हणायचे. तोंडातल्या तोंडात, लोकांना ऐकू जाणार नाही असं. तो झाला की तू गज टेकवायचीस. लहानपणी मास्तर ओरडायचे, मोजून सुरू करा, एक दोन तीन चार. आपण कधी मोजलंच नाही. माझा 'हं' आणि तुझा गज. इतकी वर्षं तू एकदाही स्वतः होऊन सुरुवात केलेली नाहीस, आणि हे तुलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

विमान घेऊ नकोस. ते ही शांतता झाकून टाकील, पण तू थांबतच राहशील.

ताई


१३ मार्च

ताई,

पत्र वाचलं आणि तशीच उठून पेटी लावली. बटण दाबलं. थांबले! ताई, मी खरंच थांबते! स्वतःला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. कान डावीकडे लागलेला असतो माझा. डावीकडे स्टूल आणि त्यावर स्पीकर.

तुझी कमाल आहे. इतक्या लांबून, जिन्यात बसून, फोनवर ऐकून ओळखलंस. दुकानदाराला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला.

पण कळलं म्हणून वळत नाही. ठरवून न थांबता वाजवायला गेले तर पायाच्या आधीच गज पडतो, आणि मग तुकड्याचं डोकंच कापलं जातं. उचकीऐवजी आता पेटी शिंकते. दिवसभर हेच. शिकवणीची मुलगी आली होती, ती म्हणाली, आज आपण शिकायचं की तुम्हीच शिकताय.

म्हणून मला एक सुचलंय. तू 'हं' म्हण आणि फोनवर भरून पाठव. दहाबारा वेळा म्हण, म्हणजे त्यातला चांगला निवडता येईल. मी तो कानात लावून ठेवीन. 'हं' आला की पाय आणि गज दोन्ही एकदम. लोकांना काही कळणार नाही. तुला दोन मिनिटांचं काम आहे. मुदत आता डोक्यावर आलीय, मला दुसरं काही सुधरत नाही.

आणि खरं सांगू, बरंही वाटेल. या घरात दिवसभर कुणी हं सुद्धा म्हणत नाही.

आजच पाठव.

चिंगी


१८ मार्च

चिंगे,

पाठवणार नाही.

मी काय डबीत भरून पाठवायची वस्तू आहे का? उद्या ती डबी हरवली, फोन बिघडला, कानातलं पडलं, की तू परत गज हातात धरून उभी. मग मला फोन करशील, ताई, लवकर हं म्हण, लोक बसलेत.

तुझं तू म्हण. हं म्हण, नाहीतर आणखी काही म्हण, पण मोठ्याने म्हण आणि स्वतः म्हण. शब्दाच्या आधी श्वास घे. शब्द बाहेर पडेल तेव्हाच पाय खाली आणि गज तारेवर. तिन्ही एकदम. पेटी बाजूला ठेव आणि आधी नुसतं उभं राहून हे कर. टाळी वाजवता येते ना तुला? तसंच आहे.

मला यापुढे याबद्दल काही विचारू नकोस.

ताई


२० एप्रिल

ताई,

महिनाभर लिहिलं नाही. मी रागावले होते. तुझं पत्र वाचलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. काय मागितलं होतं मी? एक 'हं'. तेवढ्यासाठी एवढं फाडकन बोलावं? वाटलं, लग्न झालं, घर मिळालं, आता बहीण अडगळ झाली. तुझं पत्र कपाटात मागे सारून ठेवलं. फोन आला तरी उचलला नाही. तू दोनदाच केलास, तेही मनात धरलं.

रागाच्या भरातच उभी राहिले. म्हटलं, बघते कशी जमत नाही. पेटी कोपऱ्यात, मी खोलीच्या मधोमध. श्वास घेतला आणि 'हं' म्हटलं. काय सांगू, इतकं खोटं वाटलं! तुझी नक्कल करतेय असंच वाटलं. हसू आलं, मग रडू आलं, मग नाक पुसलं आणि स्वतःवरच खेकसले, "चल!" आणि गज पडला. बरोबर पडला. पाय, गज, शब्द, तिन्ही. तेव्हापासून माझं 'चल' आहे. तुझ्या 'हं'सारखं गोड नाही, जरा बैल हाकल्यासारखं आहे, पण माझं आहे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी चहाघरात पेटी पुन्हा लावली. चारच टेबलं भरली होती. एक बाई एकटीच बसली होती, सारखी दाराकडे बघत होती. मी गज उचलला आणि म्हटलं, "चल". ती दचकून माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं तिलाच म्हणतेय. पण तोवर पाय पडला होता. चार मात्रा, बटण, आणि तुकडा फिरायला लागला. गुळगुळीत, ताई. मी श्वास रोखून दोन फेऱ्या नुसत्या ऐकल्या. कॉफीच्या यंत्राने मधेच फुस्स केलं तेही तालात वाटलं. मग दुसरा थर चढवला, लांब लांब गज, आणि मग वर धून. ओळीच्या शेवटी ओढलंही, तू म्हणालीस तसं.

सवयीने डावीकडे मान वळवली. तू हसायचीस ना तिथे. स्टूल दिसलं. एक क्षण वाटलं, आता काही वाजायचं नाही माझ्याच्यानं. पण मागे माझंच वाजत होतं, ते थांबायला तयार नव्हतं, मग मलाही थांबता येईना. शेवटी डावं बटण दाबलं. सगळं एकदम शांत झालं. शेवट स्वच्छ. ती बाई उठून जवळ आली आणि म्हणाली, ज्याची वाट बघत होते तो आला नाही, पण बरं झालं थांबले. तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला.

टायवाल्याने त्याच आठवड्यात वर्षभराचं पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी गेले तर स्टुलामागे सरकवलेली तुझी खुर्ची उचललेली होती. "आता लागत नाही ना," म्हणाला. मी म्हटलं, हो. बोलून गेले आणि मग वाईट वाटलं, पण खोटं काय बोलणार?

घरी आता तुझ्या खोलीत रियाज करते. तिथे आवाज मोकळा येतो. तुझी कॉट भिंतीला उभी करून ठेवलीय. दोन कप चहाचं मात्र आपोआप थांबलं, कधी ते कळलंही नाही. एकटं वाटतं. संध्याकाळी जास्तच. पण आता ते वाटणं सहन होतं, पूर्वीसारखं अंगावर येत नाही. मी एकटी राहू शकते असं पहिल्यांदा वाटतंय, आणि ते तू 'हं' पाठवला नाहीस म्हणून. तेव्हा तुझ्यावरचा राग मागे घेतला. तू नेहमीप्रमाणे बरोबर होतीस.

तुझं छानच चाललं असणार. मोठं घर, भरपूर ऊन, आणि हक्काचे दातवाले. कधी सवड झाली तर ये ना, पाहुणी म्हणून. चहाघरात बस, मी वाजवीन, बिल टायवाल्याच्या नावावर.

तुझी
चिंगी


२६ एप्रिल

चिंगे,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा जिन्यात उभी राहूनच वाचलं आणि एवढी हसले की खालून पेशंट वर बघायला लागले. बैल हाकल्यासारखं! छान केलंस. फार छान केलंस. हे आधी, म्हणजे पुढचं वाचून तुला याबद्दल शंका यायला नको.

आता तू 'तुझं छानच चाललं असणार' असं लिहिलं आहेस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

हे वाईट नाहीत. रात्री जेवताना रोज विचारतात, आज काय केलंस, आणि मी सांगते ते नीट ऐकून घेतात. अडचण एवढीच आहे, की सांगण्यासारखं काही नसतं. इथे मी कुणाला नको आहे असं नाही. पण माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. दवाखान्याला बाई आहे, स्वयंपाकाला बाई आहे, पेशंटची नावं लिहायला मुलगा आहे. मी ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवते. गिटार वाजवते असं तुला लिहिलं होतं, ते खरं नाही. इथे आल्यापासून मी एकदाच वाजवली, त्या दुकानात, तुझ्यासाठी पेट्या बघायला गेले तेव्हा. ती फार चांगली दुपार होती.

तुझा उचकीचा तुकडा आला तेव्हा मला काय झालं ते सांगू? आनंद झाला. हो, आनंद. मनात म्हटलं, हिला जमत नाहीये. हिचं माझ्यावाचून अडलंय. आता आज ना उद्या लिहील, ताई, परत ये. रविवारी मला कळलं होतं तू का अडखळतेस, आणि सोमवार, मंगळवार मी गप्प बसले. बॅगसुद्धा माळ्यावरून खाली काढली होती. यांनी पाहिली. तिच्यावरची धूळ पुसून ठेवली.

पण मग तो तुकडा परत ऐकला. तू लोकांसमोर अशी चाचपडत होतीस आणि मला नेमकं ठाऊक होतं कुठे बोट ठेवायचं. ते ऐकत गप्प राहणं माझ्याच्यानं झालं नाही. म्हणून लिहिलं. लिहितानाही एक आशा होतीच, की हे वाचून तू म्हणशील, मग मला तूच हवीस.

तू उत्तरात नुसता 'हं' मागितलास.

म्हणून ते फाडकन पत्र. शिकवण बरोबर होती, पण मी ती तुझ्या भल्यासाठी लिहिली नव्हती. मला रडू येत होतं म्हणून लिहिली. मला वाटलं होतं तू मला मागशील, आणि तुला माझ्यातलं तेवढंसंच पुरणार होतं. पुढे त्याच्यावाचूनही तुझं तू भागवलंस. आता 'ताई, परत ये' असं लिहू नकोस. दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिले असते. आता लिहिलंस तर ते माझ्यासाठी असेल, आणि तशी मी येणार नाही.

पाहुणी म्हणून मात्र येते. पुढच्या महिन्यात, चार दिवस. कॉट उभीच राहू दे, बाहेरच्या खोलीत मला झोप लागते. चहाघरात समोरच्या बाजूचं एखादं टेबल मला दे. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसून वाजवलं आणि सगळं लक्ष माझ्याच बोटांकडे होतं. समोर बसणाऱ्याला तू कशी ऐकू येतेस, हे मला माहीतच नाही. ते एकदा ऐकते आणि परत जाते.

तुझी
ताई